गाल आत घेतलेली माणसं

ब्रशकाकांना हे नाव पडलं तेव्हा ते कुणाचे काका होण्याच्या वयाचेही नव्हते. पंचविशीच्या आतबाहेरची गोष्ट. त्या काळी फोटोतला चेहरा नीट करायचा म्हणजे काचेखाली दिवा लावायचा, वर निगेटिव्ह ठेवायची आणि चार केसांच्या ब्रशने एकेक ठिपका बुजवत बसायचं. देवीचे व्रण असोत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असोत, हा माणूस ती अशी घालवायचा की ज्याचा चेहरा त्यालाही पत्ता लागू नये. ज्या स्टुडिओत ते नोकरीला होते, तिथला मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या ब्रशकाकांकडे देऊ, काळजी सोडा." मालक गेला, स्टुडिओ गेला, ब्रशही गेले, नाव तेवढं राहिलं.

पुढे त्यांनी चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन स्वतःचा स्टुडिओ थाटला. पुढच्या खोलीत कॅमेरा, दोन दिवे आणि निळा पडदा. मागच्या खोलीत एका भिंतीला कॉम्प्युटर आणि दुसऱ्या भिंतीला काकूंचं टेबल. प्रिंट बाहेरच्या लॅबमधून करून यायच्या. त्या आणायच्या, कडा कापायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे सगळं काकूंचं काम. काकू बोलायच्या कमी, पण त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

काका वयाच्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी हात टेकले, कुणी दुकान मुलाकडे दिलं, कुणी बंद केलं. हे मात्र चिकाटीने शिकले आणि तरले. याचा त्यांना रास्त अभिमान होता. पण अभिमान एकदा घरात शिरला की पाय पसरतोच. कॉम्प्युटरबद्दल कुणी चार शब्द सांगायला लागलं की काकांच्या कपाळाला आठी पडायची. मला सांगतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता यायचं.

तर एका सोमवारी त्यांचा जुना मॉनिटर गेला. आधी फडफडला, मग हिरवा झाला, मग काळा. तो होता जुन्या टीव्हीसारखा, चौकोनी. उंचीच्या मानाने रुंदी थोडीशीच जास्त. दहा वर्षं त्याच्यावर काम केलेलं. काका-काकू दोघंही दुपारी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी विचारलं, मशीन किती जुनं आहे. काकांनी सांगितलं. मग त्याने मागून एक खोका काढला. चौकोनी मॉनिटर, कुठल्याशा कार्यालयाच्या मालातला उरलेला, पण कोरा. म्हणाला, तुमच्या मशीनला हा जुळेल, आता असे येत नाहीत, हा शेवटचाच. काकूंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाच घेऊ या. आपले फोटो बहुतेक उभेच असतात."

काकांची नजर मात्र शेजारी मांडलेल्या रुंद मॉनिटरवरून हलत नव्हती. त्याला कारण होतं. कोपऱ्यावर नवा स्टुडिओ उघडला होता आणि तिथे असाच रुंद पडदा होता. तिथे गेलेली गिऱ्हाइकं काकांच्या तोंडावर सांगायची की तिकडे कसं सिनेमासारखं दिसतं. काका हसून ऐकायचे आणि आतून जळायचे.

"हा द्या," काका म्हणाले.

दुकानदार म्हणाला, अवश्य घ्या, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनं मशीन या आकाराचं चित्र देत नाही. ते चौकोनीच चित्र देतं आणि हा पडदा ते ओढून आपल्या रुंदीला बसवतो. तेव्हा एक सेटिंग...

"अहो, मला नका शिकवू," काका म्हणाले. "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी चेहरे दुरुस्त करतोय."

दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं. गिऱ्हाइकाला दुखवून त्याला काय मिळणार होतं? काकू चौकोनी खोक्याकडे एकदा बघून बाहेर पडल्या.

पहिले तीन दिवस काकांना सगळी माणसं बुटकी आणि फुगलेली दिसली. काकूंनीही तेच म्हटलं. काकांनी उत्तर दिलं, नव्या चष्म्यासारखं असतं ते, डोळे सरावतात. आणि खरोखरच सरावले. डोळ्यांइतका लाचार अवयव नाही. रोज जे दाखवाल ते खरं मानतो.

चौथ्या दिवशी एक मुलगी ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली. पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि खट्टू झाली. "काका, मी एवढी जाडी आहे?" काकांनी माउस हातात घेतला, दोन्ही गाल थोडे आत घेतले, हनुवटी जराशी निमुळती केली. मुलगी खुलली. पुढचं गिऱ्हाईक आलं, त्याचाही चेहरा फुगलेलाच. काकांनी ठरवून टाकलं की लेन्समध्येच काहीतरी आहे, चेहरे पसरवतेय. मग येईल त्याचे गाल आत घ्यायचे, हा शिरस्ताच झाला.

आणि यात गंमत अशी की लोक खूश होते. प्रिंट हातात घेऊन बायका म्हणायच्या, काकांच्या हाताला जादू आहे. एका जाडजूड वाण्याने तर स्वतःचा फोटो दुकानात गल्ल्यामागे लावला. काका आल्यागेल्याला नवा मॉनिटर दाखवायचे आणि म्हणायचे, साधन चांगलं असलं की हात आपोआप खुलतो.

काकूंना ते खटकत होतं. प्रिंट्सच्या कडा त्याच कापायच्या ना. एकदा पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, अलीकडे सगळे एकाच आजारातून उठल्यासारखे दिसतात. जरा बघता का?"

गिऱ्हाईक हसलं. काकांना ते हसणं झोंबलं.

"तू कडा काप," ते म्हणाले. "चेहऱ्यांचं मी बघतो."

काकू आत गेल्या. त्यानंतर त्यांनी चेहऱ्यांचा विषय काढला नाही.

याच दिवसांत टेलरमास्तर वारले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान आणि दुकानावरच घर. गोल चेहऱ्याचा, गालांत सुपारी धरल्यासारखा दिसणारा, तोंडात टाचण्या ठेवून बोलणारा माणूस. काकांचे सगळे शर्ट-पँट वीस वर्षं त्यांच्याच हातचे. मास्तर माप घ्यायचे तेव्हा काका हात वर करून त्यांच्या समोर वीतभर अंतरावर उभे राहायचे. एवढ्या जवळून काकांनी दुसऱ्या कुणाचा चेहरा पाहिला असेल तर तो काकूंचाच.

मास्तरांची बायको एक लहानसा फोटो घेऊन आली. मास्तरांना फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही, त्यामुळे बरा असा हा एकच. तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. काकांनी मनापासून काम केलं. फोटोवरचे ओरखडे काढले, कॉलर सरळ केली, मागचा कळकट पडदा स्वच्छ केला. आणि गाल आत घेतले. हात सवयीनेच तिकडे गेला. काकूंनी फ्रेम बसवून तो घरी पोचता केला.

दोन आठवड्यांनी मास्तरांच्या पत्नी पुन्हा आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. फोटो फार सुरेख झालाय, असं दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. पण त्याच्याकडे बघून बोलायला गेलं की परक्या माणसापाशी बोलल्यासारखं वाटतं. ते असे नव्हते असं वाटतं. तुम्ही एकदा बघाल का?"

काकांना मूळ फोटो शेजारी ठेवून बघायला एक मिनिट लागलं असतं. तो त्यांच्या खणातच होता. पण गेल्या दोन महिन्यांत त्यांनी एवढी स्तुती ऐकली होती की तक्रार ऐकायचा कानच राहिला नव्हता. आवाज अगदी मऊ करून, समजूत घातल्यासारखं ते म्हणाले, "वहिनी, असं होतं. माणूस गेला की त्याचा चेहरा मनातून पुसट होत जातो. तुम्ही विसरत चालला आहात, त्याला इलाज नाही. फोटो चुकत नाही."

"असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज चेहरे बघता, तुम्हाला जास्त कळतं." आणि उठून गेल्या. जाताना आपल्या शंकेने काकांचा वेळ घेतला म्हणून ओशाळून हसल्यासुद्धा.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, काकू एका वृद्ध जोडप्याचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवत होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात बसवून काढलेला, मागे भिंतीवर घड्याळ. नातवंडांना आणखी प्रती हव्या होत्या म्हणून तोच फोटो काकांनी पडद्यावर उघडलेला. काकूंनी हाताखालच्या प्रिंटकडे पाहिलं, मग मान वर करून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"यांचं घड्याळ गोल आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे ते अंड्यासारखं का दिसतंय?"

काका हसणार होते. पण त्यांनी पाहिलं, आणि घड्याळ खरंच आडवं पसरलेलं होतं. त्यांनी काकूंच्या टेबलावरची पट्टी उचलली, पडद्याला लावली. घड्याळाची उंची मोजली. रुंदी मोजली. रुंदी एक तृतीयांशाने जास्त भरली. त्यांनी पुन्हा मोजलं, जणू पट्टीच खोटं बोलत असावी. मग कुठलाही चेहरा नसलेला एक फोटो उघडला. त्यातली ताटली मोजली. तीही पसरलेली.

काकूंनी पुठ्ठा पुन्हा पुढे ओढला. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्यांच्या कानशिलांना कढत वाफ लागल्यासारखं झालं. लेन्स ठीक होती. माणसं ठीक होती. शंभरावर माणसांचे चेहरे त्यांनी स्वतःच्या हाताने बिघडवले होते, आणि प्रत्येकाकडून शाबासकी घेतली होती.

दुकानदाराला बोलवावं लागलं. त्याने मॉनिटरच्या खालचं एक बटण दाबलं, यादीतून एक ओळ निवडली आणि झालं. चित्र मधोमध आपल्या मूळ आकारात आलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरले. अर्धं मिनिटही लागलं नाही. त्या दिवशी हेच सांगत होतो, असं तो म्हणाला नाही. सज्जनपणाने म्हणाला नाही, आणि काकांना तेही सोसेना. त्यांना मान वर करून त्याला नीट निरोपही देता आला नाही.

मग काकांनी खणातून मास्तरांचा लहान फोटो काढला. गोल चेहरा, भरलेले गाल. हे मास्तर. वीतभर अंतरावरून वीस वर्षं पाहिलेले. आणि ज्या बाईने चाळीस वर्षं संसार केला, तिला आपण सांगितलं की तू विसरत चालली आहेस.

नवी प्रिंट दोन दिवसांत आली. पण काका चार दिवस गेले नाहीत. आज ऊन फार आहे, आज त्यांच्याकडे पाहुणे असतील, आज फ्रेमची काच येऊ दे; रोज एक सबब. पाचव्या दिवशी काकूंनी फ्रेम कागदात गुंडाळली, चपला घातल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मग काकांना निघावंच लागलं.

वाटेत त्यांनी मनाशी जुळवाजुळव करून ठेवली होती. मास्तरांच्या घरात शिलाई मशीनवर कापड झाकलेलं होतं, कात्री खिळ्याला टांगलेली होती. भिंतीवर तो निमुळता, अनोळखी माणूस. काकांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. म्हणाले, वहिनी, लॅबवाल्यांकडून चूक झाली होती. प्रिंट दाबली गेली होती. ही दुसरी करून आणलीय.

मास्तरांच्या बायकोने फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघत राहिल्या. काचेवर हात ठेवला. "हे आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे मी बरोबर होते." त्यांचे डोळे भरून आले, पण चेहरा हलका झाला होता. लॅबवाल्याला सांगा म्हणाल्या, पुन्हा कुणाचं असं व्हायला नको.

काकांनी मान डोलावली. निरोप घेऊन दोघं जिना उतरले. खालच्या पायरीवर काकांनी श्वास सोडला. "झालं एकदाचं."

काकू थांबल्या. "त्या दिवशी तुम्ही त्यांना काय सांगितलंत, ते मी आत बसून ऐकलंय," त्या म्हणाल्या. एवढंच. आवाजही चढवला नाही.

काका कठड्याला धरून उभे राहिले. रस्त्यावरून लोक जात होते, एकाने ओळखीचा हात केला. काकांना वाटलं, आपल्या अंगावर कपडे नाहीत आणि हे सगळ्यांना दिसतंय. मग ते वळले आणि पुन्हा जिना चढू लागले. काकू खालीच थांबल्या.

दार उघडंच होतं. काका उंबऱ्यातच उभे राहून बोलले.

"वहिनी, लॅबची चूक नव्हती. माझी होती. माझा पडदा चुकीचा होता, मी सगळ्यांचे चेहरे बारीक केले. मास्तरांचाही केला. आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मूळ फोटो माझ्या खणात होता, मी काढूनसुद्धा पाहिला नाही."

मांडीवरची फ्रेम त्यांनी बाजूला ठेवली.

"मी बहिणीला रोज विचारत होते, ते कसे दिसायचे म्हणून," त्या म्हणाल्या. "ती घाबरली. मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता डोळे मिटले की हा तुमचा चेहरा येतो. त्यांचा येतच नाही." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा नुसतं 'बघतो' म्हणाला असतात, तरी चाललं असतं."

काका म्हणाले, मला माफ करा. त्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तो फोटो उतरवून घेऊन जा म्हणाल्या. काकांनी स्टुलावर चढून तो उतरवला. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "काकू खाली खोळंबल्या असतील, जा तुम्ही."

त्यानंतरचा दीड महिना काका घरोघर हिंडले. काकूंनी कॉम्प्युटरमधून नावं उतरवून काढली होती. दार उघडलं की काका पहिलंच वाक्य म्हणायचे, "तुमचा फोटो मी चुकवलाय." लोकांनी नाना तऱ्हा केल्या. कुणी हसले, कुणी चहा दिला, कुणी दारातूनच बरं म्हटलं. एका कारकुनाचा फोटो त्याच्या कार्यालयाने चेहरा जुळत नाही म्हणून केव्हाच परत पाठवला होता. तो मात्र काकांवर मनसोक्त ओरडला, आणि काकांना त्या दिवशी जरा बरी झोप लागली. वाणी काही केल्या फोटो द्यायला तयार होईना. गल्ल्यासमोर हात आडवा धरून म्हणाला, "काका, चूक असेल तुमची, पण फोटो माझा आहे. बायकोला आवडलाय." काकांनी दोनदा समजावलं, मग नाद सोडला.

चौकोनी मॉनिटर काकूंनी दुकानदाराकडे विचारून पाहिला. तो विकला गेला होता. त्यामुळे रुंद पडदा तसाच राहिला, दोन्ही बाजूंना काळे पट्टे घेऊन. गिऱ्हाइकं विचारायची, काका, हे काळं काय? सुरुवातीला काका म्हणायचे, मशीन जुनं आहे. पुढे पुढे ते खरं काय घडलं ते सांगायला लागले, पण मास्तरांच्या घरची गोष्ट त्यांच्याने कधी सांगवली नाही. तिथवर आलं की ते खाकरायचे आणि माउस हातात घ्यायचे.

आता कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या आहेत. प्रिंटला पाठवण्याआधी प्रत्येक चेहरा काकू मूळ फोटोशेजारी ठेवून बघतात. कधी म्हणतात, "कान खाली आलाय." काका वर घेतात. कधी काहीच म्हणत नाहीत, नुसती मान हलवतात. तेव्हा काका काय चुकलं ते शोधत बसतात.

मास्तरांच्या गल्लीतून जाणं काकांनी सोडलं. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा घेतात. तरी एकदा भाजीच्या गाडीपाशी मास्तरांची बायको समोर आलीच. हातात पिशवी, बरोबर बहीण. चुकवायला जागा नव्हती. काका उभे राहिले आणि काय बोलावं ते न सुचून त्यांनी नमस्कार केला.

त्यांनीही केला. "काकू बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

बऱ्या आहेत, काका म्हणाले. काकांना विचारायचं होतं, आता डोळे मिटल्यावर कोण दिसतं? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते विचारायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून ते बाजूला सरले आणि त्यांना वाट दिली. त्या दोघी पुढे गेल्या. भाजीवाला म्हणाला, काका, तुम्हाला काय देऊ? काकांना काय घ्यायला आलो होतो ते आठवेना.